ओसरीतला आरसा

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचं आहे. थोडं आखडून, पण त्यांच्याच शब्दांत देते:

"ताई, नमस्कार. नऊ एकर कोरडवाहू आहे, कपाशी अन् तूर. मुलगा २४ वर्षांचा, बी.ए. झाला, तालुक्याले मोबाइलच्या दुकानात जाते. दारू नाही, खर्रा नाही. माह्या बी.पी.ची गोळी येताना तोच आणते. यंदा पोळ्याच्या दिवशी शिंगाचा रंग त्याच्या गाडीच्या डिक्कीत आहे म्हणून डिक्की उघडली, तं एक लहान पिशवी निघाली. कातडीच्या रंगाची कांडी, आरशाची डबी, ओठाले लावाची नळी अन् काजळाची पेन्सिल. कोणाचं म्हणून इचारलं तं म्हणे माझंच. मले राग आवरला नाही. चार लोकांदेखत पिशवी उकिरड्यावर फेकली, त्याले बायल्या म्हटलं, ओसरीतला आरसाही काढून टाकला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन कोठ्यात बसते. पानठेल्यावर लोक टोमणे मारतात. दिवाळीनंतर पोरी पाहाले जायचं आहे. मी जिंदगीभर फवारे मारले, कधी तोंडाले फडकं बांधलं नाही. माह्या पोटी असं कसं? तो 'तसा' तं नाही? त्याले सुधारावं कसं?"

भाऊ, नमस्कार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय केलं असेल, ते मी इथं बसून सांगते. बैलं धुऊन आणली असतील. त्यांचे खांदे शेकले असतील. जू घासून घासून जिथं घट्टा पडतो, केस जाऊन कातडी उघडी पडते, तिथं हळद-तूप, किंवा तूप परवडत नाही म्हणून हळद-तेल, तळहातानं जिरवलं असेल. माझे वडील हे करायचे तेव्हा बोलायचे नाहीत. एरवी त्यांचा आवाज पांदणीच्या टोकापर्यंत जायचा. पण खांदशेकणीला त्यांची बोटं इतकी हलकी पडायची की आमचा पांढरा बैल डोळे मिटून उभा राहायचा. मग वडील त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी अंगावर गेरूचे ठिपके, शिंगाला रंग आणि बेगड, डोक्याला बाशिंग, गळ्यात कवड्या-घुंगरं, पाठीवर झूल. वर्षभर नांगर ओढणारा तो बैल. त्याला नटवलं म्हणून त्याची ताकद उणी झाली, असं कोणी म्हणत नाही.

तुम्ही त्याच शिंगाचा रंग शोधत होता आणि पोराची पिशवी हाती लागली. पत्र वाचल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पिशवीत काय होतं ते आधी सांगते, कारण जी वस्तू ओळखीची नाही तिचाच धसका जास्त बसतो. कातडीच्या रंगाच्या कांडीला कन्सीलर म्हणतात. तिनं माणूस गोरा होत नाही, लाल होत नाही. मुरमाचा काळा डाग किंवा डोळ्याखालचं काळं वर्तुळ बाजूच्या कातडीत मिसळून जावं, एवढंच तिचं काम. आरशाची डबी म्हणजे दाबून बसवलेली पावडर, घामाचं तेज मारायला. नळी बहुतेक ओठ फुटू नयेत म्हणून लावायची असेल. आणि काजळ? ते तर तुमच्याच घरात त्याला लहानपणी डोळ्यांत घातलं असेल, गालावर टिकलीएवढं बोटही लावलं असेल, दृष्ट लागू नये म्हणून.

तुमचा मुलगा दिवसभर ट्यूबलाइटच्या उजेडात काउंटरमागं उभा असतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्या तोंडाकडे पाहतं, मग मोबाइलकडे. तुमच्या हाताला जसा वखर, तसा त्याच्या कामाला त्याचा चेहरा. मुरूम येऊन गेलेल्या चेहऱ्याची त्याला लाज वाटत असेल, ती कुणाला सांगता येत नसेल, म्हणून पिशवी डिक्कीत होती, घरात नव्हती. हे माझं अनुमान आहे. खरं काय ते तोच सांगेल, तुम्ही विचारलंत तर.

आता 'तसा तं नाही?' हा प्रश्न. तुम्हाला तो शब्द लिहिणं जड गेलं, मी सरळ लिहिते. मुलाला मुलीऐवजी मुलगा आवडतो का, असं तुम्हाला विचारायचं आहे. भाऊ, कांडी-काजळावरून ते कळत नाही. ज्यांना पुरुष आवडतात अशी कितीतरी माणसं आयुष्यात चेहऱ्याला साधी पावडर लावत नाहीत, आणि बायकापोरांत रमलेले कितीतरी पुरुष आज कन्सीलर लावून कामावर जातात. दक्षिण कोरियात प्रत्येक धडधाकट तरुणाला निदान दीड वर्ष सैन्यात काढावं लागतं, आणि तिथलेच तरुण कातडीच्या रंगात मिसळून जाणारी क्रीम चेहऱ्याला सर्रास लावतात. तिथल्या मालिका आपली पोरं मोबाइलवर बघतात. तुमच्या पोरानं हे तिथून उचललं असेल, नाहीतर यूट्यूबवरून, नाहीतर दुकानातल्या एखाद्या सोबत्याकडून.

पण समजा, तो तुम्ही म्हणता तसा असलाच, तर? तरीही तो आजारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच हे आजारांच्या यादीतून काढून टाकलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या अशा नात्याला गुन्हा मानणं बंद केलं. 'पोरगं सुधरवून देतो' म्हणणाऱ्या कोणा बाबाकडे किंवा डॉक्टरकडे त्याला नेऊ नका. डॉक्टरानं असा इलाज करणं हे गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ठरवलं आहे. तसं असलं तरी तो तुमचाच लेक राहील, दुकानातून येताना तुमच्या बी.पी.ची गोळी आणणारा. सुधारायचं म्हणाल तर त्याच्यात काही नाही.

पुढं लिहिण्याआधी मला माझ्या घरची एक गोष्ट सांगायची आहे. मी ती सहसा सांगत नाही.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, १९ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी पांढरा डाग उठला. कोड. आधी चवलीएवढा, मग रुपयाएवढा. कोड संसर्गानं होत नाही, अंगाला अंग लागून पसरत नाही, पण तेव्हा गावात कोणाला हे माहीत होतं? त्याच्या हातचं पाणी लोक टाळायला लागले. एक सोयरीक ठरता ठरता मोडली, मग दुसरी. मी तेव्हा ११ वर्षांची. एक दिवस पहाटे उठले तर माजघरात कंदील दिसला. दादा कणगीमागं बसला होता. फुटक्या आरशाचा त्रिकोणी तुकडा त्यानं भिंतीच्या खोबणीत उभा केला होता. तळहातावर आईची पावडर घेऊन त्यात तो गेरू मिसळत होता. आधी चिमूटभर, मग मनगटावर लावून पाहिला, रंग उजळ झाला, पुसला, आणखी गेरू टाकला. आमच्या अंगाचा सावळा रंग नेमका जमेपर्यंत तो हे करत राहिला. मग करंगळीनं, अगदी कडेकडेनं, त्यानं तो डाग झाकला. आणि आरशात बघून हसला. कोणासाठी नाही, नुसता हसला.

मी सकाळी जेवणाच्या पंगतीत ते सगळ्यांना सांगितलं. हसत हसत. वडील म्हणाले, "पोरगी झाला का रे तू?" तो शब्द त्यांनी काही दुष्टपणानं वापरला नाही. त्यांच्याही बापानं तो त्यांच्यावर वापरला असेल. दादानं तोंड धुतलं आणि त्या दिवसापासून बारा महिने तोंडाला दुपट्टा. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळेच बांधतात, म्हणून चार महिने तो चारचौघांसारखा दिसायचा. उरलेले आठ महिने नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत तो आहे, पण पाठमोरा.

मी पुढं परिचारिका झाले. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली. तिथं त्वचारोगाच्या ओपीडीत मी पहिल्यांदा ऐकलं की कोडाचे डाग झाकायला खास लेप मिळतो, कातडीच्या वेगवेगळ्या छटांचा, आणि डॉक्टर स्वतः तो सुचवतात, पुरुषांनाही. मी ती डबी दादाला नेऊन दिली तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. त्यानं ती कपाटात ठेवून दिली. दोन वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात, सीमांतपूजनाच्या आधी, वहिनीनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि बोटाचं टोक ओलं करून तो लेप लावून दिला. त्या लग्नाच्या फोटोत माझा भाऊ समोर बघतो आहे. तीसहून जास्त वर्षांत पहिल्यांदा.

त्या पंगतीत मी गप्प बसले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुमच्या हातून उकिरड्यावर गेलेल्या पिशवीला महिनाच झाला असेल. ३० वर्षं झालेली नाहीत. म्हणून मी तुम्हाला इतक्या कळकळीनं लिहिते आहे.

तुम्ही विचारता, माह्या पोटी असं कसं? भाऊ, पुरुषानं तोंडाला रंग लावणं आपल्या मातीत नवीन आहे का? तुमच्याच जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलाम वस्त्यांवर दंडार रंगते. पुरुषच बायांची सोंगं घेतात, लुगडं नेसून नाचतात, आणि सकाळी तेच कपाशी वेचायला जातात. पूर्वेला झाडीपट्टीत जा. वडसा हे तिथल्या नाटकांचं ठाणं. दिवाळीनंतर धानाचा हंगाम उरकला की होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. दिवसा शेतात राबणारा माणूस संध्याकाळी रंगपेटीसमोर मान वर करून बसतो, डोळ्यांत काजळ, गालाला रंग. गाव त्याला मान देतं. त्याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बालगंधर्व पुरुष होते, पण महाराष्ट्रातल्या बाया लुगडं कसं नेसावं, गजरा कसा माळावा हे त्यांना बघून शिकल्या. १९६४ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

आणि आपल्या अमरावतीकडच्या माधानचे गुलाबराव महाराज. डोळे बालपणीच गेलेले, १९१५ मध्ये जेमतेम ३४ व्या वर्षी देह ठेवला, तेवढ्यात शंभरावर ग्रंथ रचले. मधुराभक्तीत ते स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानत, कुंकू लावत, गळ्यात मंगळसूत्र घालत. ज्यांच्या पायाशी वऱ्हाडातली मोठमोठी माणसं बसली, त्यांना कोणी बायल्या म्हटलं असेल तर तो कोण होता, हे आज कोणाला आठवतही नाही.

तुमच्या आजोबांच्या कानात बाळी असेल बघा. हातात चांदीचं कडं. लग्नात नवरदेव म्हणून तुम्हाला पाटावर बसवून बायांनी हळद लावली असेल, काजळ घातलं असेल, मुंडावळ्या बांधल्या असतील. आखाड्यातल्या मातीत हळद, तेल, ताक घालून मळतात आणि पैलवान ती अंगाला चोळतो. सजणं पुरुषाला वर्ज्य आहे, असं आपल्या म्हाताऱ्यांना वाटत नव्हतं. 'मर्दानं आरशात बघू नये' ही अलीकडची शिस्त आहे, आणि ती पाळायची तरी कशी? टीव्हीवर बसलेला पुढारीसुद्धा पावडरचा हात फिरवून घेतल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर बसत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर येते. ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही फडकं न बांधता आयुष्यभर फवारे मारले, आणि ते तुम्ही अभिमानानं लिहिलं आहे. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावरच पडत होता, सदरे भिजत होते. अनेकांकडे मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, कोणी दिलेही नव्हते. तो दोष मेलेल्यांच्या माथी मारायचा नाही. पण जिथं फडकं होतं तिथंही 'मर्दाले काय होते' म्हणून ते खुंटीवर राहिलं, हे मी दवाखान्यात पाहिलं आहे. विषबाधा झालेल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडातून लाळ थांबत नाही, श्वास घरघरतो. त्याची बायको उशाशी बसून एकच सांगत असते, 'म्या म्हटलं होतं फडकं बांधा.' कातडीची काळजी घेणं म्हणजे बाईपणा, हे ज्यानं तुम्हाला शिकवलं त्यानं तुमचा घात केला आहे. तुमचं वय काही फार नाही. पुढच्या फवारणीला तोंड, नाक, हात झाका, चष्मा घाला, वारा बघा आणि घरी येऊन साबणानं आंघोळ करा. हे तुमच्या पोरानं तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही बोलत असता तर.

पानठेल्याचं थोडक्यात. जे लोक तुमच्या पोराच्या ओठाच्या नळीवर हसतात, त्यांच्या तोंडात खर्रा असतो. सुपारी-तंबाखू घोटून घोटून किती जणांचं तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही, ते मोजा. खर्रा खाणं मर्दाचं आणि ओठाला मलम लावणं बाईचं, हा कुठला न्याय? तुमचा मुलगा खर्रा खात नाही, हे तुम्ही स्वतः लिहिलं आहे. त्यांनी टोमणा मारला तर एवढंच म्हणा, "माझा पोरगा आहे, माझ्या घरचं आहे." दोनतीनदा असं ऐकलं की लोक दुसरा विषय काढतात.

आता जिथं मला खरी काळजी वाटते ते. कांडी आणि डबीतली पावडर यांनी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गोरं करण्याच्या क्रीमनं. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली, पुरुषांसाठीची 'फेअर अँड हँडसम' २००५ मध्ये. सावळा म्हणजे उणा, हे तीस वर्षं आधी बायांना शिकवलं, मग पुरुषांना. २०२० मध्ये पहिलीच्या नावातून 'फेअर' गेलं, पण डोक्यातून गेलं नाही. तुमचा मुलगा डाग झाकत असेल तर झाकू द्या. पण तो तुमचा रंग घालवायला बघत असेल, तर मात्र त्याच्याशी जरूर बोला. तुमचा रंग उन्हातान्हात टिकणारा आहे. तो त्याला तुमच्याकडून मिळाला आहे.

या गोरेपणापायी दोन गोष्टी गावोगाव विकल्या जातात. एक, मेडिकलमधली स्टेरॉइडची ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं असतात. ही औषधं काही त्वचारोगांत डॉक्टरच्या देखरेखीखाली चांगली, पण रोज चेहऱ्याला चोपडली तर पहिले १५ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरूम वाढतात, बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. २०१८ मध्ये सरकारनं अशा १४ औषधांच्या मलमांवर डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली, तरी चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे. दुसरी त्याहून वाईट. आठवडी बाजारात किंवा पार्लरमध्ये मिळणारी, लेबल नसलेली डबी. तिच्यात पारा असू शकतो. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघीजणी अशीच क्रीम लावत होत्या, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईत तपासल्यावर क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतून आत जातो. तोंडाला लावलेलं थेट मूत्रपिंडापर्यंत पोचतं.

म्हणून पोराशी बोलणं सुरू झालं की त्याला विचारा, काय काय लावतो, दाखव. रागावून नको, बियाण्याची पिशवी जशी उलटून पालटून बघता तशी डबी बघा. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, कधीपर्यंत वापरायचं, आत काय आहे, हे सगळं छापलेलं हवं. 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' शब्द दिसला की फेकायचं. काही छापलेलंच नसेल तर वासही घ्यायचा नाही. काजळाची पेन्सिल त्याची त्याला, सोबत्याला द्यायची नाही, डोळे येतात. पत्र्याच्या डबीतला खुला सुरमा नको, त्यात शिसं असू शकतं. रात्री झोपताना तोंड धुऊन सगळं काढायचं, ओल्या पुटकुळीवर काही चोपडायचं नाही. आपल्याकडच्या ४५-४६ अंशाच्या उन्हात दुपट्टा आणि सनस्क्रीन दोन्ही लागतं, आणि ते तुम्हालाही लागतं. नागपूरजवळ जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर उन्हात उभा राहणारा खेळाडू नाकाओठावर पांढरा लेप लावतो, तेच हे. मुरूम जास्त असतील तर यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला त्वचारोगाची ओपीडी आहे. मुरूम बरे होतात. बरे झाले तर कांडीची गरज त्याची त्यालाच कमी वाटेल, किंवा वाटणारही नाही. तो त्याचा प्रश्न.

सोयरिकीचं. पोरी बघायला निघण्याआधी त्याला एकट्यात विचारा, "तुला आता लग्न करायचं आहे का?" आणि तो जे उत्तर देईल ते ऐका. तो नको म्हणाला तर जबरदस्ती करू नका. एका पोराला सुधारण्यासाठी दुसऱ्याच्या पोरीचा जन्म पणाला लावायचा नसतो. तो हो म्हणाला तर मग बिनघोर जा. मुलीकडच्यांसमोर लपवाछपवी नको, खुलासेही नकोत. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं पावडर लावून, मान खाली घालून पोहे आणायचे आणि आपण तिला चालून दाखव म्हणायचं, हे आपण इतकी वर्षं केलं. आता पोरीही मुलाकडे नीट बघतात, आणि शेती म्हटलं की नाही म्हणतात, हे तुम्ही गावात बघताच आहात. स्वच्छ, नीटनेटका, निर्व्यसनी, बोलायला हळू असा मुलगा कोणत्याही शहाण्या मुलीला आवडेल. त्याच्या खिशात कांडी निघाली तर ती बहुतेक रंग बरोबर निवडला का ते बघेल.

राहिलं बोलणं. इथं मी जरा कठोर होते. चार लोकांदेखत तुम्ही त्याला शब्द मारला, तर चुकलं हे म्हणणंही एकांतात उरकू नका. निदान त्याच्या आईसमोर म्हणा. लांब भाषण नको. बापानं लांब बोललं की पोरगं ऐकणं सोडतं. 'पोळ्याच्या दिवशी माझं चुकलं. तो शब्द मी परत घेतो,' एवढं पुरे. तो गप्प राहील. राहू द्या. रडला तर 'पोरीसारखा रडू नको' म्हणू नका, तेवढं तरी सांभाळा. त्या रात्री तुम्ही तुमचं ताट उचला आणि कोठ्यात त्याच्याशेजारी जाऊन बसा. बैलं तिथं असतीलच. तो उठून गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आणि त्याच्याकडे नीट लक्ष ठेवा. महिनाभर बापाशी न बोलणारं, एकटं जेवणारं पोर घरात असेल तर आईला सांगा, रात्री-बेरात्री तो कुठं जातो याकडे कान असू द्या, फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवा. मी हे उगीच घाबरवायला लिहीत नाही, आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. तो फारच मिटून गेला आहे असं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा फोन नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तोही बोलू शकतो, तुम्हीही बोलू शकता.

पिशवी भरून द्यायची गरज नाही. ती त्यानं त्याच्या पगारातून घेतली होती, तो पुन्हा घेईल. फक्त या वेळी ती त्याला डिक्कीत ठेवावी लागू नये.

ओसरीतला आरसा मात्र तुम्ही काढला आहे, तो तुम्हीच लावा. उद्या सकाळी, तो दुकानाला निघायच्या आधी. खिळा भिंतीत तसाच असेल. तुमच्या उंचीवर होता ना? पोरगा उंच असेल तर चार बोटं वर ठोका.